टायर बसवून गाडी गेली. काम मात्र अजून बाकी आहे



टायर दुकानाच्या व्हिडिओत आपण जागा, कॉम्प्रेसर, टायर उतरवायचं मशीन, बॅलन्सिंग मशीन असा सगळा हिशेब पाहिला. आज त्याच धंद्यातला एक छोटा भाग लिहून देतोय. लिहून यासाठी, की यात आकडे आहेत आणि ते तुम्हाला दुकानाच्या भिंतीवर लावता यावेत. विषय असा: टायर बसवून झाल्यावर नट किती कसायचे, ते परत कधी तपासायचे आणि हवा कधी मोजायची.

जळगावात बसून या धंद्याचा विचार करणाऱ्याला गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागत नाही. सुरत-नागपूर महामार्ग, म्हणजे जुना ६ नंबर आणि आताचा ५३, शहराच्या पोटातून जातो. आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, कुठेही अर्धा तास उभे राहा आणि चाकं मोजा. रावेर-यावलची केळी उत्तरेकडे निघालेली असते, कापसाचे पिकअप जिनिंगकडे चाललेले असतात. तिकडे धुळ्यात तर हाच रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाला भेटतो. म्हणून टायरची दुकानंही भरपूर आहेत, आणि बहुतेकांकडे मशीन सारखंच, टायरची कंपनी सारखीच, भाव पन्नास-शंभर रुपयांनी इकडेतिकडे. मग गिऱ्हाईक तुमच्याकडेच का येईल? माझं उत्तर तुम्हाला कदाचित फार साधं वाटेल. गाडी दुकानातून गेल्यावरही तुम्ही तिची चौकशी करता, म्हणून येईल.

आधी नटाचं समजून घ्या.

चाकाचा नट चाकाला नुसता धरून ठेवत नाही. नट कसला की आतला स्टड अगदी किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा. तो ताण रिमला हबवर दाबून धरतो आणि त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं, त्यावर सगळी गाडी चालते. हा ताण कमी झाला की रिम हबवर हलायला लागते, अगदी केसाएवढी. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तेवढा झटका स्टडला बसतो. तो वाकतो, थकतो आणि एक दिवस तुटतो. एक तुटला की बाकीच्यांवर जास्त भार येतो. चाक निघून पुढे पळालं अशा घटना आपण ऐकतो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सुरुवात अशी शांतपणे झालेली असते. आणि ट्रकचं सुटलेलं चाक समोरून येणाऱ्या मोटारसायकलला काय करतं, हे महामार्गाकाठच्या माणसाला सांगायला नको.

आता प्रश्न येतो की नट नीट कसला होता, तरी ताण कमी का होतो? कारण रिम आणि हबच्या मध्ये काहीतरी असतं. गंजाचा पापुद्रा, वाळलेली माती, रंग. गाडी चालली, ब्रेक तापले, थंड झाले की हा थर दबतो आणि नट बसल्याजागी सैल पडतो. नट स्वतःहून फिरलेला नसतो, तरी पकड गेलेली असते. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या आधी ट्रक रंगवायची हौस असते. रिमला, थेट बसायच्या जागेपर्यंत, दोन-दोन हात रंग मारतात. दिसायला गाडी नवरीसारखी, पण तो जाड रंगच पुढच्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये चेपतो. मागच्या जोड टायरमध्ये तर दोन रिम एकावर एक असतात, म्हणजे दबणाऱ्या जागाही जास्त. नवीन अलॉय व्हील बसवलं असेल तेव्हाही हेच. म्हणून टायर चढवायच्या आधी तारेचा ब्रश घेऊन हबचं तोंड आणि रिमची बसायची जागा घासून घ्यायची. दोन मिनिटांचं काम आहे, पण गर्दी असली की पहिलं हेच सुटतं.

कसायचं किती? लहान कारला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतं. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात असतो आणि तोच खरा. न्यूटन-मीटर ऐकून घाबरू नका. ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २५ किलोचं वजन लटकवलं की साधारण १०० न्यूटन-मीटर होतात. दहा स्टडच्या मोठ्या ट्रकला हाच आकडा ६०० च्या आसपास किंवा त्याहून वर जातो, म्हणजे एक मीटरच्या पाइपच्या टोकावर ६० किलोचा माणूस उभा राहिल्यासारखं. तुमचा कामगार जर कारच्या पान्यावर उभा राहून उड्या मारत असेल, तर तो काय करतोय हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

जास्त कसण्याला आपल्याकडे लोक कौतुकाने पाहतात. ‘बराबर कस रे भो’ असं गिऱ्हाईकच सांगतं. पण स्टड त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला की परत स्प्रिंगसारखा काम करत नाही. आटे मरतात, डिस्क ब्रेकची प्लेट वाकडी होऊन ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरतं. आणि आणखी एक बाजू आहे, जी दुकानात कोणाच्या डोक्यात येत नाही. रात्री पारोळ्याच्या पुढे पंक्चर झालं, गाडीत एक ताई आणि तिचे साठीतले वडील आहेत, स्टेपनी चांगली आहे, जॅक आहे, पण गनने ठोकलेला नट गाडीच्या पान्याने हलतच नाही. त्या रात्री त्यांना तुमच्या दुकानाचं नाव आठवणार, आणि चांगल्या अर्थाने नाही.

गनचा गोंधळ इथेच आहे. हवेच्या गनची ताकद कॉम्प्रेसरमध्ये त्या क्षणी किती हवा आहे, गन किती झिजली आहे, पाइप किती लांब आहे यावर बदलते. सकाळच्या पहिल्या गाडीला एक ताण, दुपारी दोन बे एकदम चालू असताना दुसरा. म्हणून गन नट पळवायला वापरा, हलक्या हाताने. शेवटचं कसणं टॉर्क रिंचने. क्रम एकमेकांसमोरचा: चार नट असतील तर गुणाकाराच्या चिन्हासारखा, पाच असतील तर चांदणीसारखा, एक सोडून एक. ओळीने गोल कसत गेलात तर रिम एका बाजूला टेकते आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. पहिल्या फेरीत निम्मं कसायचं, मग चाक जमिनीवर टेकवून पूर्ण, ‘टक्’ आवाज येईपर्यंत. आवाज आल्यावर थांबायचं. दोन-तीनदा टकटक करणारे कामगार मी पाहतो, प्रत्येक वेळी नट थोडा पुढे जातो. आट्यांना ऑइल लावायची सवय असेल तर तीही बघा. ऑइल लागलेल्या आट्यावर तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो, म्हणून कंपनीने सांगितलं असेल तरच लावा.

कारसाठीचा टॉर्क रिंच काही हजारांत येतो. ट्रकचं काम करायचं असेल तर मोठा घ्यावा लागेल आणि तो महाग आहे. मुद्रा योजनेत शिशू गटाची मर्यादा ५० हजार आहे, किशोरची ५ लाख. कोटेशनमध्ये हा रिंच पहिल्या पानावर लिहा, शोभेच्या बोर्डाच्या आधी.

आणि आता मुख्य गोष्ट, परत तपासणी. ब्रिटनमध्ये जड गाड्यांसाठी पाळली जाणारी पद्धत अशी आहे की चाक बसवल्यावर गाडी अर्धा तास उभी राहिल्यानंतर किंवा ४० ते ८० किलोमीटर चालल्यानंतर नट पुन्हा तपासायचे. कारसाठी साधारण ८० ते १५० किलोमीटर धरतात. हे किलोमीटर गिऱ्हाईकाला नुसते सांगितले तर तो मान हलवून विसरतो. त्याच्या रस्त्यातलं गाव सांगा. धुळ्याकडे निघालेल्या ट्रकवाल्या भाऊंना सांगा, ‘नाना, पारोळ्याला चहाला थांबाल ना, गाडी जरा थंड झाली की एकदा पाना लावून बघा.’ भुसावळहून रोज अपडाऊन करणाऱ्या कारवाल्या साहेबांना सांगा, ‘परवा येताना दुकानावरून जा, पाच मिनिटं, पैसे नाही.’

परत तपासताना नट आधी ढिला करून पुन्हा कसायचा नाही. रिंच ठरलेल्या आकड्यावर लावायचा आणि कसायच्या दिशेने ओढायचा. लगेच ‘टक्’ झालं तर छान. थोडासा फिरून झालं तरी ठीक, त्यासाठीच तर बोलावलं होतं. पण नट चांगलाच फिरला, तर नुसतं कसून गाडी सोडू नका. चाक काढा आणि आत काय आहे बघा, रंग, माती, मेलेला आटा, की अलॉयचा नट स्टीलच्या रिमला लागलाय. नटाची टेकायची बाजू कुठे तिरकी असते, कुठे गोल. चुकीची जोडी कितीही कसली तरी टिकत नाही.

हवेकडे येऊ. खान्देशात हवेचा हिशेब पुस्तकापेक्षा थोडा जास्त जपावा लागतो, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढे जातो. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीन तास उभी असलेली. कारच्या टायरमध्ये तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की हवा साधारण १ पीएसआयने बदलते. ११० पीएसआयच्या ट्रकच्या टायरमध्ये दोनपेक्षा थोडी जास्त. आता बघा, तुम्ही दुपारी दोन वाजता ४३ अंशांत ३३ वर हवा बरोबर केली. दुसऱ्या दिवशी पहाटे २७ अंशांत तीच गाडी साडेतीसवर असेल. गळती कुठेच नाही, तरी गिऱ्हाईक म्हणणार, ‘काल बसवलेला टायर, हवा कमी कशी?’ हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

उलटा प्रकार जास्त धोक्याचा. नागपूरहून पळत आलेली गाडी, टायर तापलेले, मीटर ३८ दाखवतंय, आणि पोरगा हवा सोडून ३३ करतो. टायर थंड झाल्यावर ती २८-२९ वर येणार. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि फुटतो तो बहुतेक वेळा याच उष्णतेने. तापलेल्या टायरमधली हवा कमी करायची नाही, हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून लावा.

नवीन टायर बसवताना आणखी एक होतं. टायर रिमवर ‘फट्’ आवाज करून बसावा म्हणून जास्त हवा भरतात, आणि गर्दीत ती तशीच राहते. चारही चाकं सारखी फुगलेली, गाडी रस्त्यावर उड्या मारते आणि गिऱ्हाईकाला वाटतं टायरच कडक आहे. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा बघून हवा भरणारेही आहेत. तो जास्तीत जास्त मर्यादेचा आकडा असतो. भरायचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर मिळतो, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळा. बसवून झाल्यावर व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी, मग टोपी. दुकानात दोन मीटर ठेवा आणि आठवड्यातून एकदा एकाच टायरवर दोन्ही लावून बघा. नायट्रोजन विकत असाल तर विका, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला म्हणून हवा तपासायची गरज नाही, असं मात्र गिऱ्हाईकाला कधीही सांगू नका.

हे सगळं लिहून का ठेवायचं, ते सांगतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. कारला ताशी १२० ची मर्यादा, सरळ काँक्रीट रस्ता, आणि टायर फुटण्याच्या बातम्या इतक्या आल्या की परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली, २५ जण गेले. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे अपघात झाला की पहिलं बोट टायरकडे जातं, आणि टायरकडे गेलेलं बोट तो बसवणाऱ्याकडे वळायला वेळ लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीसाठी तक्रार करता येते. तुमच्याकडे ‘आम्ही नीटच बसवतो’ या वाक्याशिवाय काही नसेल, तर अवघड आहे.

म्हणून एक शंभर पानी वही. तारीख, गाडी नंबर, किलोमीटर, कोणतं चाक, किती टॉर्क, चारही टायरची हवा, त्या वेळी टायर थंड की गरम, बसवणाऱ्याची सही. शेवटचा रकाना परत तपासणीचा, तो आला की तारीख. समजा दिवसाला आठ गाड्या झाल्या तर लिहायला सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटं. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी दोन दिवसांपूर्वीच्या पानावरच्या रिकाम्या रकान्यांना फोन. फोनवर ऑफर सांगू नका, नवीन टायरचं नाव काढू नका. फक्त एवढंच विचारा: ‘दादा, नट तपासायचे राहिलेत, उद्या सकाळी इकडून जाणार का?’ सकाळी यासाठी, की टायर थंड असतो आणि दोन्ही कामं एकदम होतात.

लांब पल्ल्याचा ट्रक परत येणार नाही, हे गृहीत धरा. त्याच्यासाठी नट कसून झाल्यावर नटावरून रिमवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला, एवढं ड्रायव्हरला दाखवून द्या. रेघ सरळ असली तरी आतला रंग दबून पकड गेलेली असू शकते, त्यामुळे पाना लावायचाच, हेही त्याच दमात सांगा. काही जुन्या जड गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, ते नवीन पोराला कामाच्या पहिल्याच दिवशी दाखवा. बिलाच्या खाली रबरी शिक्का मारा: ‘५० किमी नंतर नट तपासा. आमच्याकडे मोफत, बाहेर असाल तर जवळच्या दुकानात.’ ‘जवळच्या दुकानात’ हे शब्द काढू नका, भले तिथला टायरवाला तुमचा स्पर्धक असेल.