उडण्याआधी
१८ मार्च २०२३ रोजी आपल्या गोंदियाजवळच्या बिरसीहून एक लहान विमान उडाले. ते बालाघाटकडच्या डोंगरात पडले. शिकवणारा गेला, शिकणारी मुलगीही गेली. इटियाडोहला लोक आम्हांला विचारतात, एवढा धोका, तर पोरे शिकतात कशी?

तर ऐका. उडण्याआधी वैमानिक विमानाभोवती फिरतो. पंख, चाके पाहतो. टाकीच्या तळचे थोडे इंधन काढून बघतो. पाणी जड, ते तळाशी बसते. ते इंजिनात गेले की इंजिन बंद! आम्हीही शाळेत तपासल्याशिवाय कुणाला वर चढवत नसू.

वर इंजिन बंद पडले तरी विमान दगडासारखे पडत नाही. घारीसारखे तरंगत उतरते. तेवढ्यात मोकळे रान शोधायचे. आणि ढग खाली आले, वादळ सुटले, तर उडायचेच नाही.