रूममेट हवी... गोळीसकट!

एचआयव्ही म्हटलं की आपल्या पिढीला काय आठवतं? लाल रिबीन, दवाखान्याच्या भिंतीवरची घोषवाक्यं आणि टीव्हीवर ती जाहिरात लागली की चॅनल बदलणारे बाबा. विषय तिथेच संपला. आता तर तो गप्पांमध्ये निघतही नाही.

पण जरा बीडकडे बघा. बीड शहराजवळच्या पालीत दत्ता आणि संध्या बारगजे या दाम्पत्याने 'इन्फंट इंडिया' ही संस्था उभी केली. दत्ताभाऊ आधी गडचिरोलीत भामरागडला सरकारी नोकरीत होते, तिथे त्यांनी आमटे कुटुंबाचं काम जवळून पाहिलं. पालीत त्यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या अनाथ, नाकारलेल्या मुलांना घर दिलं. एकेकाळी अशा मुलांच्या भविष्याबद्दल कुणी बोलतच नसे. २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधं मोफत मिळू लागली आणि चित्र पालटलं. औषध रोज घेतलं तर आयुष्य जवळपास इतरांइतकंच! रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला, की तो शरीरसंबंधातूनही पसरत नाही.

मग अडतं कुठे? 'रोज' या शब्दावर. बीडची लाखो माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. सोबत औषधाचा साठा न्यायचा, नाहीतर तिकडच्या केंद्रात नाव नोंदवायचं. आणि चिकटून उभ्या कोप्यांमध्ये डबी लपवायची कुठे? 'लोक काय म्हणतील' या धास्तीने एकेक डोस चुकतो. विषाणूला तेवढं पुरतं.

आता खरं सांगा, आपले फ्लॅट तरी वेगळे आहेत का? आम्ही चौघी दोन खोल्यांत राहतो, कपाटसुद्धा शेअर करतो. उद्या गावाकडची अशीच एखादी मुलगी नोकरीसाठी पुण्यात आली, तर ती डबी कुठे ठेवणार?

२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शिक्षण, भाड्याचं घर, कुठेही भेदभाव चालत नाही. नोकरी देताना एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. एचआरवाल्यांनो, ऐकताय ना? शंका असेल तर १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे.

कायदा घर मिळवून देईल, पण डबी उघड्यावर ठेवायची हिंमत रूममेटच देऊ शकते. ताट, ग्लास, बाथरूम शेअर केल्याने काही होत नाही. गोळी चुकली तर मात्र होतं. म्हणून आमच्याकडे जागा झाली की मी एवढंच सांगणार आहे : ये, वरचा कप्पा तुझा.