इंजिन बसेल, पण फ्रेम सोसेल का?

म्हशाच्या यात्रेत बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, वशिंडावर हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो. मग भावाचं बोलतो. मोटारसायकलीत दुसरं इंजिन घालायची वेळ आली, की मात्र हे सगळं विसरतो. इंजिनाचा भाव विचारतो, गाडी फिटरच्या दारात लावतो आणि एसटी पकडून घरी येतो. आठ दिवसांनी गाडी धडधडत दारात आली, की झालं काम!

शेतकरी बंधूंनो, काम तिथे झालेलं नसतं. ते तिथून सुरू होतं.

मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याणच्या आसपासची गावं, कुठेही जा. पेंढ्याच्या उडवीशेजारी पत्र्याखाली एखादी जुनी बुलेट नाहीतर राजदूत उभी दिसते. इंजिन जाम झालेलं, सांगाडा ठणठणीत. मग कुणीतरी सांगतं, "भाऊ, भंगारात डिझेलचं इंजिन आलंय. बसवून टाकू, पाण्यासारखी चालेल." वागळे इस्टेटला किंवा डोंबिवली एमआयडीसीत लेथ आणि वेल्डिंगची कामं करणारे हात भरपूर. म्हणजे करून देणारा मिळतोच. पण करून घेणाऱ्याने चार गोष्टी आधी समजून घेतलेल्या बऱ्या.

हे डिझेलचं खूळ हवेतून आलेलं नाही. १९९३ च्या सुमारास एनफिल्ड कंपनीनेच 'टॉरस' नावाची डिझेल बुलेट बाजारात आणली होती. तिच्यात ग्रीव्हज-लोम्बार्दिनीचं ३२५ सीसीचं एकाच सिलिंडरचं इंजिन होतं. ताकद साडेसहा हॉर्सपॉवर. पेट्रोलची ३५० सीसी बुलेट अठरा हॉर्सपॉवरची, म्हणजे ही जवळजवळ एक तृतीयांश. पळायची बेताची, थरथरायची भरपूर, पण तेल प्यायची अगदी थोडं. त्या काळात डिझेल पेट्रोलच्या निम्म्या भावात मिळे. दुधाचे कॅन वाहणाऱ्याला आणखी काय पाहिजे? कंपनीची गाडी परवडली नाही त्यांनी जुन्या पेट्रोल बुलेटमध्ये तसलंच इंजिन घालून घेतलं. सौराष्ट्रातला तीन चाकी 'छकडा' त्याच वळणाचा. पुढून बुलेट, मागून टेम्पो.

बुलेटच का? तर जुन्या बुलेटचं इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा होता. दोघांच्या मध्ये एक चेन. त्यामुळे गिअरबॉक्स, क्लच जागच्या जागी ठेवून फक्त पुढचं इंजिन बदलता यायचं. २०१० च्या आसपासपासूनच्या बुलेटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात आले, तिथे ही सोय संपली. इतर बहुतेक गाड्यांत तर ती कधी नव्हतीच. म्हणून "अमक्याच्या बुलेटला बसलं, माझ्या गाडीला का नाही" असं फिटरशी भांडू नका.

इंजिन हाच फ्रेमचा खालचा तुकडा

आता मुख्य गोष्ट. काही गाड्यांची फ्रेम इंजिनाला खालून पाळण्यासारखी धरते. नळ्या पुढून खाली येतात, इंजिनाखालून जातात आणि मागे चढतात. जुन्या बुलेटचं तसं नाही. पुढची एकच नळी खाली येते आणि इंजिनापाशी थांबते. तिथून मागपर्यंतचं अंतर इंजिन आणि गिअरबॉक्सच सांधतात. थोडक्यात, इंजिन हे नुसतं ओझं नाही, ते फ्रेमचा खालचा तुकडा आहे. घराच्या वाशांपैकी एक काढून दुसरा घालण्यासारखं हे काम आहे.

म्हणून जुनं इंजिन काढण्याआधी गाडी सपाट जागी, दोन्ही चाकं सरळ धरून पक्की उभी करायला सांगा. इंजिन काढलं की पुढची नळी मोकळी पडते. तिथे तात्पुरती लोखंडी पट्टी बोल्टने आवळून ठेवावी. नाहीतर ठोकाठोकीत आणि वेल्डिंगच्या उष्णतेत नळी दोन-चार मिलिमीटर सरकते. डोळ्यांना दिसत नाही. रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढायला लागली की कळतं.

इंजिन कुठे बसवायचं हे जागा बघून ठरवू नये. ते चेन ठरवते. इंजिनावरची चक्री आणि क्लचवरची चक्री एका रेषेत पाहिजेत, तसंच गिअरबॉक्सची चक्री आणि मागच्या चाकाची चक्री. इथे भारी हत्यार लागत नाही. गवंडी भिंतीला लावतो तो दोरा आणि ओळंबा पुरतो. दोरा चक्रीच्या अंगाला ताणून धरा, दोन्ही चक्र्यांना सारखा टेकला पाहिजे. रेषा तिरकी राहिली तर चेन चक्रीचे दात खात जाते, आणि भरल्या गाडीत तुटली तर मागचं चाक अडकवून ठेवू शकते.

रेषा जमली की मग बाकीचं बघायचं. शॉकअप पूर्ण दाबले तर पुढचा टायर इंजिनाला लागतो का? टाकी खाली नीट बसते का? इंजिनाचं वरचं झाकण, ते फ्रेममध्ये असतानाच उघडतं का? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. व्हॉल्व सेट करायला प्रत्येक वेळी अख्खं इंजिन उतरवावं लागतं, अशा गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. मालक मग व्हॉल्व सेटच करत नाही.

थरथर कुठे जाते?

डिझेलमध्ये स्पार्कप्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच तेल पेटतं. तो प्रत्येक दणका, तोही एकाच सिलिंडरचा, सरळ फ्रेमला बसतो. पेट्रोल इंजिनाच्या मापाने केलेली नळी हा दणका काही दिवस सोसते. मग तडा जातो. कुठे? तर बहुतेक वेळा नवीन वेल्डिंगच्या कडेलाच. वेल्डिंगचा टाका मजबूत असतो, पण त्याच्या शेजारचं लोखंड तापून निवलेलं असतं, ते आधी दमतं.

त्यामुळे इंजिन धरणाऱ्या पट्ट्या नळीला थेट चिकटवू नयेत. सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापून कंपनीच्याच मूळ भोकांत बोल्टने बसवाव्यात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो, तो पाहून घ्या. साध्या बाजारी बोल्टचं हे काम नाही. नळीला जोड द्यावाच लागला तर टाका नळीच्या लांबीच्या दिशेने द्यावा, तिच्याभोवती बांगडीसारखा फिरवू नये. बांगडी फिरवली की नळी तिथेच मोडायची खूण करून ठेवल्यासारखं होतं. वेल्डिंगच्या आधी टाकी उतरवून दूर ठेवा आणि बॅटरीची वायर काढा, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

ओझ्याचाही हिशोब करा. चाळीस लिटरचा दुधाचा कॅन भरला की दूधच एक्केचाळीस किलो. रिकाम्या कॅनचं वजन वेगळं. दोन कॅन टांगले की शंभर किलोच्या घरात जातं. वर चालवणारा. डिझेल इंजिनामुळे गाडीच पंचवीस-तीस किलोंनी जड झालेली, आणि ब्रेक मात्र जुनेच ड्रमचे. आमच्या ओळखीच्या एका दूधवाल्याची पुढची नळी पहाटे चार वाजता मुरबाड रस्त्यावर सुटली. वेग कमी होता म्हणून गुडघ्यावर निभावलं. नळी पाहिली तर तड्याचा अर्धा भाग गंजलेला, म्हणजे तडा कित्येक दिवसांचा होता. रोज गाडी पुसणाऱ्यालाही तो दिसला नाही, कारण त्यावर काळा रंग मारलेला होता. जोडावर रंग मारायची घाई करू नका. महिनाभर नुसतं ऑइल लावून ठेवा, तडा असला तर दिसेल.

चक्रीच्या दातांचं थोडक्यात. पेट्रोल बुलेट साडेपाच हजारांच्या वर फेरे घेते, हे डिझेल इंजिन ३६०० च्या आसपास थांबतं. जुनेच दात ठेवले तर इंजिन ओरडतं आणि गाडी रांगते. इंजिनाची चक्री मोठी करावी लागते. फार मोठी केली तर माळशेजचा चढ भरल्या गाडीने चढणार नाही. इथे अनुभवी फिटरचं ऐकावं.

डोंबिवली-ठाण्याकडची पोरं हाच उद्योग उलट्या बाजूने करतात. त्यांना ओझं वाहायचं नसतं. हलक्या फ्रेममध्ये तेज इंजिन घालून मलंगगडाच्या पायथ्याला चिखलात उड्या मारायच्या असतात. यामाहा आरएक्स १०० चं अकरा हॉर्सपॉवरचं इंजिन त्यासाठी फार मागणीचं. घरात असा पोरगा असेल तर त्याला एवढंच दाखवा, की उडी मारून गाडी खाली येते तेव्हा सगळा मार हॅन्डलच्या मानेवर आणि मागच्या चिमट्याच्या खिळीवर बसतो. इंजिन बदलून ती दोन ठिकाणं मजबूत होत नाहीत. खऱ्या डर्ट बाईकची फ्रेम मुळातच त्यासाठी बांधलेली असते.

गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ मध्ये बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं आणि अवजारांची दांडी जोडली. त्या 'बुलेट सांती'ने कोळपणी, पेरणी होते, आणि तिला पेटंटही मिळालं. माणसाचं डोकं दांडगं, यात शंकाच नाही. पण ती कोरडवाहू, ओळीतल्या पिकांची जमीन. आपल्या भाताच्या चिखलणीत ते यंत्र पोटापर्यंत रुतेल. तिथे पॉवर टिलरच बरा.

कागदाचं काय?

ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच मंडळींनी हा भाग नीट वाचावा, कारण अपघात झाला की पंचनाम्याला तुम्हालाच बोलावतात.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. २००० साली त्यात दुरुस्ती झाली. कंपनीने जे मूळ तपशील दिले आणि जे आरसी बुकात आहेत, त्यांच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच पक्कं केलं. त्याच वर्षी कायदा पुन्हा सुधारला आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन चालवणं यातच येतं.

जुनं इंजिन गेलं म्हणून त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवायचं असेल तर वाट आहे. आधी ठाण्याच्या किंवा कल्याणच्या, तुमची गाडी ज्या हद्दीत असेल त्या, आरटीओची मंजुरी घ्या, इंजिनाचं बिल जपा आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. मंजुरीशिवाय बदललं गेलं असेल तर चौदा दिवसांत कळवण्याची तरतूद त्याच कलमात आहे. भंगारातल्या इंजिनाला बिल नसतं, तिथेच गाडी अडते. ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पुढचं तुम्हीच समजा.

"मी शेतातच चालवतो" हेही पुरत नाही. नोंदणीच्या कलम ३९ मध्ये सार्वजनिक जागेबरोबर 'इतर कोणत्याही ठिकाणी' असे शब्द आहेत. आणि विमा? आरसीवर एक इंजिन आणि गाडीत दुसरं, हे दिसलं की विमा कंपनीला वाद घालायला आयती जागा मिळते. समोरच्याला लागलं तर भरपाईचा तो वाद तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो. ग्राइंडर मारताना फ्रेमवरचा चॅसी नंबर पुसला जाणार नाही याचीही काळजी घ्या. तो पुसला गेला तर चांगली गाडीही संशयात जाते.

जुनी डिझेल बुलेट विकत घेताना आरसीवरचा इंधनाचा रकाना आधी वाचा. तिथे डिझेल लिहिलं असेल तर ती कंपनीची. पेट्रोल लिहिलं असेल तर ती कुणाच्या तरी दारात जन्मलेली. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी नूतन केलेली आहे का, तेही बघा.

आणि मुळात डिझेल घालून वाचतं किती? जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले. दोहोंतलं ते जुनं निम्म्याचं अंतर आता राहिलेलं नाही. इंजिन, पट्ट्या, लेथ, मजुरी धरून हिशोब मांडा. बहुतेकांचा जुळणार नाही, असं आमचं मत.

कायद्याने उघडी ठेवलेली एक वाट मात्र आहे. इंधनाचा प्रकार बदलायचा असेल तर मान्यता मिळालेला किट बसवता येतो, विजेचासुद्धा. ठाण्याच्याच 'गोगोएवन' कंपनीने २०२१ मध्ये हिरो स्प्लेंडरसाठी असा किट आणला. इंजिन काढायचं, मोटर मागच्या चाकातच बसते. किंमत त्या वेळी ३५ हजार रुपये आणि वर जीएसटी सांगितली होती, बॅटरी त्यात धरलेली नव्हती. फ्रेम कापायची नाही, दणका नाही, आणि बदल आरसीवर चढतो. पण घेण्याआधी मान्यतेचा कागद तुमच्याच मॉडेलचा आहे का ते बघा, आणि भरलेले दोन कॅन घेऊन किती किलोमीटर जाईल ते चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बैल घेताना चार पावलं चालवतोच ना आपण?

राहिली ती उडवीशेजारची बुलेट आणि भंगारातलं डिझेल इंजिन. इंजिन बिलासह मिळत असेल तर ते लोखंडी चौकटीवर जमिनीत पक्कं बसवा आणि पट्टा लावून कडबाकुट्टी नाहीतर पाण्याचा पंप चालवा. तिथे त्याला चाकं नाहीत, आरसी नाही, थरथर जमिनीत जाते. बुलेटला तिचंच पेट्रोल इंजिन रिबोअर करून बसवा. पहिले पाचशे किलोमीटर दमाने चालवा आणि दर आठवड्याला इंजिनाचे बोल्ट पाना लावून बघा.