‘का रं, गप का हायस?’

दसरा झाला की भूम तालुक्यात ईटच्या पंचक्रोशीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायकोचा ‘कोयता’ पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. आठवी-नववीतलं पोरगं शाळेपायी आजीजवळ राहतं. हंगामी वसतिगृह असलं तर जेवणाचा प्रश्न सुटतो.

रात्री फडावरून फोन येतो. ‘जेवलास का? आज्जीला तरास देऊ नको. अभ्यास कर.’ पोरगं तिन्हीला ‘हं’ म्हणतं. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या आईला दोष देववत नाही. पण त्या ‘हं’च्या आत काय आहे, ते विचारायला जवळ कुणीतरी हवं.

या वयात भावना उसळतात. त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत असतो. तोवर जवळच्या मोठ्या माणसाचा शांतपणा पोराला उसना मिळतो. त्याच माणसानं रोज चारचौघांत पाणउतारा केला, तर शरीर सतत धास्तीत राहतं. झोप उडते, पोट दुखतं, चिडचिड वाढते. ‘लई उलटून बोलायलंय,’ म्हणून घरचे आणखी रागावतात. पोटदुखीवर गोळी मिळते, दुखणं तिथंच राहतं.

हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशकं काढला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा एकाहून अधिक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश तरीही खंबीर निघाली. त्यांच्यापाठी बहुधा मायेचं निदान एक मोठं माणूस होतं. आईबाप नसतील, तर आजी, मावशी, शिक्षक. मला त्यातलं ‘एक’ फार मोलाचं वाटतं. एवढं कुठल्याही गावाला जमण्यासारखं आहे.

मुलींच्या बाबतीत तर ते तातडीचं आहे. मुलीला मागं ठेवायची काळजी नको, म्हणून वय भरण्याआधीच लग्न ठरतं. तिनं विश्वासानं बाईंना किंवा आशाताईंना सांगितलं, तरच मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, 1098 वर, वेळेत फोन जातो. मन खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पण खचलेलं पोरगं स्वतःहून नंबर फिरवत नाही. शेजारी बसून लावून देणारं कुणी लागतं.

भाकरी थापता थापता आजी विचारते, ‘का रं, गप का हायस?’ आधी ‘काय न्हाई’च येतं. तेवढ्यावर तिनं विषय सोडू नये, रागावूही नये. पुष्कळदा दुसरी भाकरी तव्यावर पडेपर्यंत पोरगं चुलीकडं सरकलेलं असतं.