बर्कलीचे देवीचे देऊळ

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात बर्कली नावाचे लहानसे गाव आहे. गावात जुना किल्ला, किल्ल्याला लागून चर्च आणि चर्चच्या शेजारी ‘द चँट्री’ हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे ऐसपैस घर. घर देखणे आहेच. पण पाहणारा अडखळतो तो त्याच्या बागेत. तिथे साल न काढलेल्या वेड्यावाकड्या लाकडांची, वर शाकारलेली एक झोपडी उभी आहे. तिचे नाव ‘टेंपल ऑफ व्हॅक्सिनिया’, म्हणजे गोस्तनदेवीचे देऊळ!

आपल्याकडे तर स्मॉलपॉक्स या रोगालाच देवी म्हणत. अंगावर देवी उठल्या की शीतलामाईला नवस बोलायचे, थंड नैवेद्य दाखवायचा. बर्कलीतले देऊळ मात्र रोगाला घालवणाऱ्या लसीचे होते.

एडवर्ड जेन्नर याच गावात 1749 साली जन्मला. लंडनला शल्यचिकित्सक जॉन हंटरच्या हाताखाली शिकून तो गावी परतला आणि 1785 मध्ये त्याने हे घर घेतले. रोगी तपासता तपासता कोकिळेच्या पिलांचा अभ्यास करणारा हा गावडॉक्टर. गाईच्या सडांवरच्या फोडांची लागण झालेल्या गवळणींना देवी येत नाहीत, असे त्या भागातले लोक म्हणत. जेन्नरने ते हसण्यावारी नेले नाही. 14 मे 1796 रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. जुलैत त्याच मुलाला खऱ्या देवीचे विष टोचले. मुलगा ठणठणीत राहिला. आज कुणी असा प्रयोग करू धजणार नाही. 1798 मध्ये जेन्नरने आपले निष्कर्ष स्वतःच छापून काढले. लॅटिनमध्ये गाय म्हणजे ‘व्हाका’. ‘व्हॅक्सिन’ हा शब्द तिथूनच आला.

पुस्तक शिकलेल्यांसाठी होते. गरिबांसाठी ही झोपडी. रॉबर्ट फेरीमन या पाद्री मित्राने ती उभारून दिली आणि जेन्नर तिथे गोरगरिबांना फुकट लस टोचू लागला. घराचा दिवाणखाना ओलांडायला जे बिचकले असते, ते बागेतल्या झोपडीत पोरे कडेवर घेऊन येऊ शकत होते.

पुढे लस निघाली जगभर. बर्फ नाही, शीतपेटी नाही. एकाच्या दंडावरचा फोड पिकला की त्यातून दुसऱ्याला टोचायचे. अशी दंडादंडावरून, बगदाद-बसऱ्यामार्गे ती मुंबईत आली. 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी टोचणी.

जेन्नर 1823 मध्ये याच घरात वारला आणि शेजारच्या चर्चमध्ये विसावला. नंतर बराच काळ घरात पाद्री राहिले. जपानच्या र्योइची ससाकावा यांच्या देणगीमुळे 1985 मध्ये तिथे संग्रहालय झाले. तोवर काम फत्ते झाले होते: देवी पृथ्वीवरून गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 1980 मध्येच जाहीर केले होते.

आपल्या घरातल्या आजीच्या हातावर देवी टोचल्याचे गोल वण अजून दिसतात. नातीच्या हातावर ते नाहीत, आणि आजीला त्यातच समाधान आहे.