आठव्या आधारशिलेचे रत्न

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या अखेरीस ‘प्रकटीकरण’ नावाचे पुस्तक आहे. त्याच्या एकविसाव्या अध्यायात स्वर्गातून उतरणाऱ्या नव्या यरुशलेम नगरीचे वर्णन येते. त्या नगरीच्या तटाला बारा आधारशिला आहेत. प्रत्येकीवर एकेका प्रेषिताचे नाव आहे, आणि प्रत्येक शिला एकेका रत्नाने शोभते आहे. त्यांतील आठव्या रत्नाचे नाव मूळ ग्रीक संहितेत ‘बेरिल्लॉस’ असे आहे. हा परका भासणारा शब्द वस्तुतः आपल्याच अंगणातून गेलेला आहे.

संस्कृतात ज्याला वैडूर्य म्हणत, त्याचे पाली रूप ‘वेळुरिय’ आणि प्राकृत रूप ‘वेरुलिअ’. मराठी जिच्यातून उमलली त्या प्राकृताच्या तोंडून हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेस गेला आणि ग्रीकांच्या जिभेवर ‘बेरिल्लॉस’ झाला. या शब्दाचे आदिमूळ द्राविड असावे, असेही अनेक अभ्यासक मानतात. शब्दामागे वस्तूही होतीच. इसवी सन ७९ मध्ये मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो, की ही रत्ने भारतात होतात, अन्यत्र क्वचितच आढळतात; आणि निर्मळ समुद्राची हिरवी छटा ज्यांत उतरते ती सर्वोत्तम. तमिळनाडूतील कोडुमणल येथील उत्खननात या रत्नाचे मणी घडविणाऱ्या प्राचीन कारागिरीचे अवशेष मिळाले आहेत.

या रत्नाचा अर्थ काय? प्रकटीकरणकाराने बाराही रत्नांची नावे दिली. पण एकेकाचा अर्थ सांगितला नाही. तो पुढच्या भाष्यकारांनी शोधला. इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास कॅसेरियाचा धर्माध्यक्ष आंद्रेयास याने बेरिल्लॉसचा संबंध प्रेषित थोमाशी जोडला. रत्नाचा रंग सागराचा आणि आकाशाचा, आणि थोमा तर सागर ओलांडून भारतीयांपर्यंत पोहोचलेला, अशी त्याची उपपत्ती. थोमा इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला, अशी तेथील ख्रिस्ती समाजाची परंपरा आहे. रत्नाचे नाव भारतातून पश्चिमेस गेले, आणि ज्या प्रेषिताशी ते जोडले गेले तो पश्चिमेकडून भारतात आला, हा योग मोठा हृद्य आहे.

पुढे या शब्दाने आणखी प्रवास केला. जुन्या काळी दृष्टीसाठी वापरावयाची भिंगे या स्फटिकापासून बनवीत. त्यावरून जर्मन भाषेत चष्म्याला ‘ब्रिल’ हे नाव पडले. १७९८ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ याने याच खनिजात एक नवे मूलद्रव्य शोधले. त्यास आज बेरिलियम म्हणतात. पाचू हाही बेरिलचाच प्रकार. दोघांचे साम्य प्लिनीच्या काळीही जाणकारांच्या ध्यानी आले होते.

आणि मायदेशी काय झाले? आज जवाहिऱ्याकडे वैडूर्य मागितले, तर तो केतूचे रत्न म्हणून लसण्या पुढे ठेवील. तो निराळाच खडा. प्राचीनांचे वैडूर्य बहुधा बेरिलच होते, असे विद्वानांचे मत आहे. म्हणजे जन्मभूमीत नाव राहिले, पण अर्थ पालटला; दूरदेशी उच्चार पालटला, पण मूळ अर्थ टिकला. घराबाहेर पडलेली गोष्ट हरवतेच असे नाही. कधीकधी तीच जुने ठेवणे अधिक जपते.

पाणिनीने ‘विदूर’ या स्थलनामावरून वैडूर्य शब्द सिद्ध केला. त्यावर पतंजलीच्या महाभाष्यात एक मार्मिक शंका येते. हे रत्न सापडते वालवाय पर्वतावर; विदूर येथे त्यावर केवळ संस्कार होतो; मग नाव विदूराचे कसे? वैयाकरणांनी तिचे समाधान आपल्या रीतीने केले. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र त्या शंकेतच एक उत्तर दिसावे. खाण एका ठिकाणची, संस्कार दुसऱ्या ठिकाणचा. आणि रत्नाच्या नावात स्मरण राहिले ते संस्काराच्या भूमीचे.