चालणारी चांदणी



दिवेलागण झाल्यावर अंगणात बाज टाकून वर पाहिले, की कधीकधी एक चांदणी चालताना दिसते. ती लुकलुकत नाही. आवाज नाही, मागे शेपूट नाही. मावळतीच्या बाजूने निघते आणि गुमान उगवतीकडे जाते. कोणी म्हणतं विमान, कोणी म्हणतं तारा तुटला, आणि कोणी तर म्हणतं, आता काहीतरी इपरीत होणार! यातलं काहीच नसतं. तो माणसाने आकाशात सोडलेला उपग्रह असतो. अशा उपग्रहांत सर्वांत ठळक दिसते ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. त्यात २००० सालापासून माणसे राहत आली आहेत. २०२५ च्या जून-जुलैमध्ये आपले शुभांशु शुक्ला तिथे राहून आले.

विमान असेल तर लाल-हिरवे दिवे दिसतात, एखादा दिवा उघडझाप करतो आणि जरा वेळाने घरघर ऐकू येते. तारा तुटला, म्हणजे उल्का पडली, तर "तो बघ" म्हणेपर्यंत खेळ खलास. स्थानक मात्र चार ते सहा मिनिटे दिसते. शेजाऱ्याला हाक मारून बोलावण्याइतका वेळ मिळतो.

आता खरी गंमत. आपल्याला खालून दिसेल असा एकही दिवा स्थानकावर नाही. मग ते चमकते कसे?

संध्याकाळी आपल्या दारातले ऊन जाते, तरी डोंगराच्या शेंड्यावर पिवळे ऊन असतेच. उंचावरून घरी जाणारे बगळे सोनेरी दिसतात. जो जितका उंच, त्याचा सूर्य तितका उशिरा मावळतो. स्थानक तर सुमारे ४०० किलोमीटर उंच! आपल्याकडे कंदील लावायची वेळ झाली तरी तिथे लख्ख ऊन असते. ते ऊन त्याच्या अंगावर आणि सौरपट्ट्यांवर पडते आणि परतून आपल्या डोळ्यांपर्यंत येते. चंद्राचे तेज जसे उसने, तसेच हेही उसने.

म्हणून ते दिवस मावळल्यावर दीड-दोन तासांत किंवा पहाटे सूर्य उगवण्यापूर्वी तेवढ्याच वेळात दिसते. मध्यरात्री आपल्या डोक्यावरून गेले तरी ते पृथ्वीच्या सावलीत असते. दुपारी आकाशच इतके उजळ, की साध्या डोळ्यांना काही दिसत नाही.

कित्येकदा असे होते, की चांदणी ऐन डोक्यावर येते आणि बघता बघता मंद होऊन विझते. ढग तर नसतो! अशा वेळी ती पृथ्वीच्या सावलीत शिरलेली असते. पहाटे याच्या उलट. रिकाम्या आकाशात मधेच चांदणी पेटते, कारण ती सावलीतून बाहेर येते. मला तर हेच सगळ्यात आवडते. पृथ्वीची सावली एवढ्या सहज एरवी कुठे बघायला मिळणार? चंद्रग्रहणाला मिळते, पण त्याची वाट पाहावी लागते.

स्थानकाची लांबी १०९ मीटर आहे. १३ मीटर लांबीची कबड्डीची आठ मैदाने टोकाला टोक लावून मांडली तर जवळपास तेवढी होतील. त्याचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त. मुंबईहून कोल्हापूरला एस. टी. ला अख्खी रात्र लागते, तेवढे अंतर ते एका मिनिटात कापते. पृथ्वीची एक फेरी साधारण दीड तासात होते. तिथल्या माणसांना एका दिवसात सोळा वेळा सूर्य उगवताना दिसतो. (त्यांचा दात घासायचा नेम कसा असेल, कोण जाणे!)

कधी एकामागे एक पुष्कळ दिवे आगगाडीच्या डब्यांसारखे जाताना दिसतात. ते इंटरनेटसाठी एकदम सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह. थोड्या दिवसांनी ते पांगतात. टीव्हीचे उपग्रह मात्र दिसत नाहीत. ते सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतात.

"हे वरून पडलं तर?" असे पुष्कळ जण विचारतात. भीती अगदीच खोटी नाही. १९७९ साली अमेरिकेची स्कायलॅब पडणार म्हणून आपल्याकडे लोक धास्तावले होते. आजी-आजोबांना विचारून बघा. ११ जुलैला ती पडली, तिचे तुकडे ऑस्ट्रेलियात सापडले. कोणाला इजा झाली नाही. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आकाशात जळते लोळ दिसले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे भले मोठे कडे पडले. तो चिनी रॉकेटचा भाग असावा, असे जाणकारांनी सांगितले. तर जळत, तुकडे होत जाणारे ते पडणारे. शांतपणे चालणारी चांदणी पडत नसते, ती फेरी मारत असते. वर असे कडे सापडले तर हात लावू नये, पोलीस पाटलांना कळवावे.

स्थानक दिसण्याची वेळ आधी कळते. नासाचे 'स्पॉट द स्टेशन' हे ॲप मोबाईलवर फुकट मिळते. गावाचे ठिकाण दिले, की तारीख, वेळ, दिशा आणि उंची सांगते. उंची अंशांत असते. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश. ४० अंश म्हणजे क्षितिजापासून चार मुठी वर. काही दिवस ते संध्याकाळी दिसते, मग काही दिवस दिसतच नाही, मग पहाटे दिसू लागते. दुर्बीण नको. पाच मिनिटे आधी अंगणातला बल्ब मालवा आणि पश्चिमेच्या अंगाला तोंड करून उभे राहा.

हे स्थानक २०३० पर्यंत चालवून नंतर समुद्रात उतरवायचे ठरले आहे. तेव्हा बघायचे ते आताच.

या भित्तिपत्रकाशेजारी एक कोरा कागद लावला आहे. ज्याला दिसेल त्याने तारीख, वेळ, कुठून आले आणि कुठे विझले ते लिहावे. पालकांनीही लिहावे. आभाळ आले असेल तर नुसते 'ढग' लिहिले तरी चालेल.